वजनाचं ऑपरेशन म्हणजे चरबी काढणं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय, की वजन कमी करायच्या ऑपरेशनमध्ये पोटाची चरबी काढून टाकतात आणि एकदा केलं की परत वजन वाढतच नाही. दोन्ही चूक आहे.

चरबी काढणं म्हणजे लायपोसक्शन, ते वेगळं. इथे जठर लहान करतात, स्लीव्ह नावाच्या प्रकारात साधारण 75 ते 80 टक्के जठर कायमचं कापून काढतात, ते परत जोडता येत नाही. भूक वाढवणारं घ्रेलिन हार्मोनही त्यामुळे कमी होतं, म्हणून हे आळशी लोकांचं काम असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

माझ्या बहिणीचं झालंय, सुरुवातीला ती 30 मिलीच्या छोट्या कपातून घोट घोट पाणी प्यायची, एक कप संपायला पंधरा मिनिटं लागायची, जरा घाई केली की छातीत दुखायचं. आता बरी आहे, पण बी12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर. आणि खाण्याकडे दुर्लक्ष झालं तर वजन परत वाढू शकतं.

कोणासाठी? 2022 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइननुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 35 पासून पुढे, किंवा 30 पासून पुढे आणि डायबिटीससारखा त्रास असेल तर विचार करतात, आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच. पण नुसत्या आकड्यावर ठरवू नका, अ‍ॅसिडिटी जास्त असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते, तेव्हा गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचा नाही, जठराचा छोटा भाग थेट लहान आतड्याला जोडतात तो) बरा पडेल का हे सर्जनला आधीच विचारा.