माळढोक काल होता

सोलापुरात राहणाऱ्या माणसाकडे बाहेरगावचे लोक तीन गोष्टी मागतात: चादर, शेंगाचटणी आणि माळढोक. पहिल्या दोन पैसे टाकले की पिशवीत येतात. तिसरीसाठी यजमानाला पहाटे साडेचारला उठावं लागतं, गाडी सांगावी लागते आणि परत येताना पाहुण्याचं पडलेलं तोंड बघावं लागतं. पाहुण्यानं शाळेत अभयारण्यांच्या यादीत माळढोकाचं म्हणून सोलापूरजवळचं नान्नज पाठ केलेलं असतं. आपण सोलापूरचे म्हटल्यावर तो पक्षी रोज आपल्या गच्चीवर येऊन ज्वारी खाऊन जात असणार, अशी त्याची खात्री असते.

तसं पाहिलं तर माळढोकाला सोलापूरकर म्हणायला काही हरकत नाही. ज्वारी खातो, रानातल्या शेंगा खातो, बोरं खातो, नाकतोडे सापडले तर त्यांच्यावर ताव मारतो. उन्हात तासन्‌तास उभा राहतो आणि सावलीसाठी कुरकुर करत नाही. रेशनकार्ड तेवढं काढायचं राहिलंय.

पण आमची त्याची ओळख माळावर झाली नाही, कचेरीत झाली. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला केवढा तरी मुलूख त्यात आला. अख्खं गोवा राज्य दोनदा मावेल आणि वर जागा उरेल, एवढं! त्यात माळ होते तशी गावं होती, उसाची रानं होती, आठवडी बाजार होते. म्हणजे कागदोपत्री आमच्याकडची निम्मी पाहुणेमंडळी वर्षानुवर्षं अभयारण्यातच नांदत होती. जमीन विकायला जावं तर माळढोक आडवा. एन.ए., म्हणजे बिगरशेती, करायला जावं तर माळढोक आडवा. माझ्या सासऱ्यांनी जन्मात हा पक्षी पाहिलेला नाही, पण त्याला त्यांनी घातलेल्या शिव्या मी स्वतः ऐकल्या आहेत. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन क्षेत्र १,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. तोवर पक्षीही आटत आले होते. सासरे म्हणाले, "सातबारा मोकळा झाला बघा. आता ये म्हणावं त्याला, बस म्हणावं. तर आता तो कुठाय?"

तर यंदा दिवाळीत साडूभाऊ आले. पुण्याचे. सोबत ताई (म्हणजे बायकोची थोरली बहीण), नववीतला मुलगा आणि एक कॅमेरा. कॅमेऱ्याच्या लेन्सला वेगळी बॅग होती आणि ती बॅग मांडीवर घेऊनच साडूभाऊ चहा प्यायले. अंगात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा, जंगलात लपून बसायचा शर्ट. फराळाचं ताट येईपर्यंत त्यांनी मला माळढोकाची सगळी माहिती सांगितली. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांतला तो जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबती सोडतो आणि घुमतो, ते पाऊण-एक फर्लांगावर सहज ऐकू जातं. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं न बांधता. "एकच?" बायको म्हणाली. "आणि तेही असं रस्त्यात?" तिचा सूर असा होता, की त्या मादीच्या सासरच्यांना फोनच लावते की काय.

हे घुमणं-बिमणं पावसाळ्यात चालतं आणि आता नोव्हेंबर आहे, हे मी सांगून पाहिलं. साडूभाऊ म्हणाले, "अहो, नशीब पण असतं की नाही?"

पहाटे अंधारात बार्शी रोडला लागलो. ड्रायव्हर आमच्या गल्लीतलाच. त्यानं असे कितीतरी पाहुणे नेलेत, त्यामुळे बसल्या बसल्या विचारतो, "माळढोक का ओ? काल होता म्हणलालेत." माझ्या पोटात गोळाच आला. नान्नजच्या वाटेवरचं हे ठरलेलं वाक्य आहे. माळढोक नेहमी काल असतो. चहाच्या टपरीवर विचारा, काल होता. दूधवाल्याला थांबवून विचारा, काल होता, जोडीनं होता. कुणाला आज विचारलं तर काल आणि उद्या विचारलं तर आज, पण आपण उभे आहोत त्या क्षणी कधी नाही. साडूभाऊंनी टपरीवर दूधवाल्याचा हात धरून "कुठल्या दिशेला?" विचारलं. त्यानं किटलीसकट हात फिरवून सगळा उत्तर सोलापूर तालुका दाखवला.

विजेच्या तारा दिसल्या तशी साडूभाऊंनी दुसरी फेरी सुरू केली. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला आजूबाजूचं झकास दिसतं आणि नाकासमोरचं दिसत नाही. उडताना तार येते, ती दिसेपर्यंत उशीर होतो आणि एवढं धूड ऐनवेळी वळवता येत नाही. राजस्थान-गुजरातेत तर २०२१ साली सुप्रीम कोर्टाला या तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगावं लागलं आणि पुढे २०२४ साली तो आदेश सैलही करावा लागला. ड्रायव्हर हे सगळं मन लावून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे आमच्या सात रस्त्यावरचा टू-व्हीलरवालाच की ओ! दोन्हीकडं बघतंय, फक्त पुढं बघत नाही."

उजाडता उजाडता माळावर पोचलो. ताई खाली उतरल्या, चौफेर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती उजाड! एक झाड नाही. इथे वृक्षारोपण का नाही करत?" आता ताईंना काय सांगणार? माळरानाचं निम्मं वाटोळं याच भल्या हेतूनं झालंय. माळढोकाला मोकळा, लांबवर दिसणारा गवताळ माळच लागतो. झाडी दाट झाली की तो निघून जातो. पण आपल्याकडे झाड नसलेली जमीन दिसली की लोकांचे हात खड्डा खणायला शिवशिवतात. झाडं नाही तर ऊस, ऊस नाही तर प्लॉटिंग. नुसतं गवत हे काहीतरी असू शकतं, हे कुणाला पटतच नाही. मी ताईंना एवढंच म्हणालो, "इथलं जंगल गुडघ्याएवढं असतं." त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

त्या गुडघ्याएवढ्या जंगलानं साडूभाऊंचे पाय धरले. कुसळं! सुईसारखं टोक, मागे पिळाची शेपटी. घामाचा ओलावा लागला की ती शेपटी उलगडते आणि टोक गोल गोल फिरत आत शिरतं. पुण्याहून आणलेल्या लोकरी मोज्यांत त्यांनी इतकी दाटी केली की मोजा काढून ठेवला तरी उभा राहत होता. साडूभाऊ एका पायावर उभे राहून एक कुसळ उपटायचे, तोवर टेकलेल्या पायात चार शिरायची.

तेवढ्यात त्यांना माळढोक दिसला. लांब बांधापाशी, पांढरी मान, स्तब्ध. सगळ्यांना "शू" करून झालं. ट्रायपॉड लागला, लेन्स चढली. अर्धा तास साडूभाऊ श्वास रोखून त्याच्या हालचालीची वाट बघत होते. मग वारा आला आणि माळढोक फडफडला. बोरीच्या काट्यात अडकलेली खताची गोणी होती ती. तिचे शे-दीडशे फोटो निघाले होते, आणि खरं सांगतो, गोणीचे इतके देखणे फोटो मी पाहिलेले नाहीत.

या अर्ध्या तासात आमच्या मागून काळविटांचा कळप उड्या मारत गेला. पुढे पिळदार शिंगांचा, काळाभोर नर. "हरणं ना? ती काय, सगळीकडे असतात," साडूभाऊ मान न वळवता म्हणाले. वर भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी गवताला चाटून गेल्यासारखा घिरट्या घालत होता. तो थंडीसाठी पार मध्य आशियाकडून उडत येतो. साडूभाऊ म्हणाले, "घार." मग पायवाटेवरून एक राखाडी-तपकिरी, हडकुळं, लांब पायांचं जनावर दुडक्या चालीनं आलं, आमच्यापासून ट्रकभर अंतरावर थांबलं, आणि सरळ आमच्याकडे बघत राहिलं. पिवळट डोळे. कान ताठ. मुलगा कुजबुजला, "बाबा..." साडूभाऊंनी लेन्सवर झाकण घातलं. "हाड! ही भटकी कुत्री पण ना, इथपर्यंत येतात." त्यांनी खरोखर खडा उचलला. जनावर एकदा खड्याकडे आणि एकदा साडूभाऊंकडे बघून, काही विशेष न वाटल्यासारखं, गवतात निघून गेलं.

थोड्या वेळानं एक धनगरमामा मेंढरं घेऊन आले. साडूभाऊंनी अदबीनं विचारलं, "मामा, माळढोक कुठे दिसेल?" मामांनी त्यांचा ठिपक्यांचा शर्ट वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"तुमी कुटलं?"

"पुण्याचे."

"मग हितं कशाला हुडकताय? आमची दोनी पोरं पुण्याला ग्येली. ह्यो बी तिकडंच ग्येला आसंल. हितं कोन ऱ्हातंय आता?"

मी मध्येच म्हणालो, की बाकीचे राजस्थानात आहेत. देशभरात मोकळे फिरणारे सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक तिकडेच, जैसलमेरच्या बाजूला. तिथे अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्रही काढलंय. आपल्याकडे एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. मामांना यात फारसं नवल वाटलं नाही. त्यांना दुसरीच घाई होती. "ते ऱ्हाऊ द्या. लांडगं बघितलं का हिकडं? काल कोकरू उचललंय त्यानं."

"लांडगा?" साडूभाऊ म्हणाले. "इथे लांडगे आहेत?"

मामा मेंढरांमागे निघूनही गेले होते. परतीच्या वाटेवर ताईंनी शंकरपाळ्यांचा डबा उघडला, साडूभाऊ पायातली कुसळं काढत होते. त्यांनी राष्ट्रीय पक्ष्याचा विषय काढला. सलीम अलींचं मत माळढोकाला होतं, १९६३ साली मान मोराला गेला, हा केवढा अन्याय वगैरे. गाडी जरा पुढे गेली तसा मुलगा मोबाईल पुढे करून म्हणाला, "बाबा, हा कुत्रा नाहीये."

मोबाईलचाच फोटो, पण काय सुरेख! गवतात उभा, कान ताठ, थेट डोळ्यांत बघणारा. पुढे कडेला, जरा धूसर, खडा उचललेले साडूभाऊ.

गाडीत शांतता पसरली. "लांडगाच की ओ," ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला. "वाघाला जो कायदा, तोच ह्याला. पहिल्या अनुसूचीत हाय. खडा मारलात का काय तुम्ही?"

"मारला नाही, उचलला फक्त," साडूभाऊ घाईघाईनं म्हणाले. मग बराच वेळ फोटोकडे बघून, लेन्सची बॅग परत मांडीवर घेत म्हणाले, "गाडी वळवा."

"आता? ऊन बघा की ओ! ते काय तिथंच उभं असतंय का, एस्टीची वाट बघत?"

"वळवा हो तुम्ही."

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी घरी फोन लावला आणि भाकऱ्या झाकून ठेवायला सांगितल्या. बायको म्हणाली, "दिसला वाटतं दाजींना?" ड्रायव्हर गाडी मागे घेता घेता वेटिंगचा दर सांगत होता, आणि चहाच्या त्याच टपरीवर साडूभाऊ काच खाली करून दूधवाल्याला विचारत होते, "अहो, लांडगा कुठे दिसतो?"

दूधवाला म्हणाला, "लांडगा? काल होता की."