काळोखातला चहा

लेकीने माचाचा धंदा काढायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी मला विचारलं गेलं. म्हणजे "बाबा, तुमचं मनगट कसं आहे?" एवढंच विचारलं गेलं. मी "बरंय की" म्हणालो आणि तिथेच फसलो.

माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची पूड. शेजारच्या नानांना हे सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "माची? पद्मावती, सुवेळा की संजीवनी?" त्यांना वाटलं, राजगडावर टपरी टाकतोय. पुढे महिनाभर ते जिन्यात भेटले की विचारायचे, "मग, चढवलं का सामान?"

लेक जपानी शिकलेली. पुण्यात घराआड एक जण शिकतोच, त्यात नवल नाही. चाकणच्या कंपनीत दुभाषी होती, कामानिमित्त जपानला गेली आणि सुट्टीच्या दिवशी क्योतोजवळच्या उजीला चहाचे मळे बघून आली. येताना माझ्यासाठी एखादं घड्याळ आणावं, तर आणला बांबूचा ब्रश. त्याला चासेन म्हणतात. एकाच बांबूचं टोक चिरून चिरून काढलेले त्याचे बारीक दात, दाढीच्या ब्रशसारखे दिसणारे. (पहिल्या दिवशी तो मी न्हाणीघरात नेऊन ठेवला होता. तो विषय आमच्याकडे आता काढत नाहीत.) वाडग्यात 2 ग्रॅम पूड चाळून घ्यायची, 80 अंशांचं पाणी अर्धी वाटी ओतायचं आणि मनगट सैल सोडून झपाझप घुसळायचं. गोल गोल नाही, मागे-पुढे. वर सायीसारखा बारीक फेस यायला हवा. माझ्या हातून धुण्याच्या बादलीतला यायचा. आईने दोन दिवस हे निमूट पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मधल्या खोलीतून रवी आणून माझ्यापुढे ठेवली.

किंमत ऐकून मात्र आईने रवी परत नेली. 30 ग्रॅमच्या डबीत आमच्या घरचा चार महिन्यांचा चहा आला असता. लेकीने मग कारणं सांगितली. तोडणीच्या आधी तीनेक आठवडे हे मळे झाकून ठेवतात. पूर्वी बोरू आणि भाताच्या पेंढ्याने झाकायचे, आता काळ्या जाळ्या असतात. ऊन मिळालं नाही की पानातला कडवटपणा कमी राहतो, गोडवा टिकतो, रंग गडद होतो. मग पानं वाफवायची, वाळवायची, त्यांतल्या शिरा आणि देठं काढून टाकायची आणि उरेल ते दगडी जात्यावर दळायचं. एका जात्यावर तासाला जेमतेम 40 ग्रॅम! आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत तेवढ्या वेळात अख्ख्या आळीचं दळण होऊन वर भांडणंही उरकतात. त्यात परदेशी चहावर आपलं मूळ आयातशुल्कच 100 टक्के, आणि 2024 पासून जगभर सगळ्यांना एकदम हिरवं प्यायची हुक्की आलेली. उजीतल्या दुकानांनीसुद्धा गिऱ्हाइकाला मोजूनमापून डब्या द्यायला सुरुवात केली होती. अशा मुहूर्तावर आम्ही धंद्यात उतरलो.

पण खरं संकट पुढेच होतं. लेकीची एक मैत्रीण 'ब्रँडिंग' करते. ती म्हणाली, "काका, माल कुणाकडेही मिळतो. लोक गोष्ट विकत घेतात. तुमच्या घरातली चहाची मुळं शोधायला हवीत."

मी म्हटलं, आमच्या चहात मूळ एकच, आलं.

"आलं म्हणजे मूळ नव्हे, बाबा. खोड," लेक म्हणाली. तिच्या शिक्षणावर केलेला खर्च असा अधूनमधून वसूल होतो.

शेवटी आईला खुर्चीत बसवलं, समोर मोबाइल उभा केला. "आजी, या घरातली चहाची परंपरा सांगा ना."

"कसली परंपरा? या घरात चहाला बंदी होती."

मैत्रिणीचा चेहरा पडला. आई मात्र खुलली. मामंजी, म्हणजे माझे आजोबा, चहाला विष म्हणत. गांधीजी चहाच्या विरोधात होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या आजोबांना गांधीजींचं तेवढं एकच पटलेलं. आई 1961 साली लग्न होऊन आली ती बेळगावच्या माहेरची, दिवसाला चार कप पिणारी. आठवडाभर डोकं धरून बसली, मग तिने आपली सोय लावली. दुपारी मामंजी घोरायला लागले की मागच्या काळोख्या कोठीत शिरायचं. स्टोव्ह वातीचा, कारण पंपाचा फरफरतो. चहापूड नाचणीच्या डब्यात तळाशी.

"आणि वास?" मैत्रिणीने विचारलं.

"लगेच हिंगाची फोडणी द्यायची. मामंजी गेले ते सुनेच्या आमटीचं कौतुक करत गेले. दुपारी तीनला आमटी कशाला लागते, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही."

लेक हळूच म्हणाली, "आजी, तिकडेसुद्धा अंधारातच ठेवतात गं चहा. गोड व्हावा म्हणून."

"मग? चोरून केलेला गोडच लागतो."

झालं! डबीवर नाव आलं 'काळोखी कोठी'. दिवाणखान्यात आजोबांच्या हार घातलेल्या तसबिरीखाली डब्यांची उतरंड लागली. जागा दुसरीकडे नव्हती. मी जाता-येता तिकडे बघायचं टाळतो.

पहिला स्टॉल एका प्रदर्शनात लावला. पापड आणि गुडघ्याचं तेल यांच्या मधे. दिवसभरात पाच कप खपले. बाकीच्यांनी फुकट मतं दिली. "पालकाचं सार का?" "मेंदीत किती भिजवायची?" एक गृहस्थ वाडगा हातात घेऊन पाच मिनिटं उभे. शेवटी म्हणाले, "180 रुपये म्हणजे वाडग्यासकट ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि बायकोला सांगितलं, "चल, मुरलेल्यांचं काम आहे हे." गुडघ्याचं तेल मात्र संध्याकाळपर्यंत संपलं. एक बाटली मीच घेतली, मनगटासाठी.

रात्री हिशेबाला बसलो. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, मेळ बसल्याशिवाय झोप येत नाही. उघडलेली डबी 30 ग्रॅमची. पाच कप म्हणजे 10 ग्रॅम गेले. डबी आईकडे ठेवायला दिली होती. उजेड, हवा, ऊब काही लागू द्यायची नसते, आणि लपवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिने ती नाचणीच्या डब्यामागून काढून दिली. वजन केलं. 14 ग्रॅम.

पुन्हा केलं. 14 च. म्हणजे तीन कपांचा हिशेब लागत नव्हता.

"आई, यातले 6 ग्रॅम कुठे गेले?"

"काळोखात ठेवलं की आटतं ते," आई म्हणाली आणि गॅसकडे वळून कढईत हिंग टाकला.