‘अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, पुढे जा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर, रामबागेपासून सुदामानगरपर्यंत, सध्या एक मेसेज फिरतोय, तो असा: वेबसाइट उघडताना ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं पान आलं तर घाबरू नका, ते ब्राउझरवाल्यांचं नाटक आहे. साइटवाल्यानं सर्टिफिकेटचे, म्हणजे साइटच्या ओळखपत्राचे, पैसे भरलेले नसतात, एवढंच. त्या पानावरचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ बटण दाबून पुढे जा. नाही जमलं तर हिस्टरी साफ करा. आणि साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की बिनधास्त पैसे भरा. पाठवणारे काळजीनंच पाठवतात, पण एकेक मुद्दा तपासला तर हाती फारसं काही उरत नाही.

पैशांचं म्हणाल तर लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून सर्टिफिकेटं फुकट देते आहे. त्यांची मुदत मात्र थोडी, साधारण ९० दिवस. नूतनीकरण राहून गेलं की इशारा येतो. म्हणजे चूक असते ती हलगर्जीपणाची.

नाटक? २०११ साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरांत कुणीतरी घुसलं आणि गुगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट काढलं. ते इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. उघडकीला आलं ते तिथल्या एका माणसाला क्रोमनं असाच इशारा दाखवला आणि त्यानं पुढे न जाता चारचौघांत विचारलं म्हणून. कंपनी त्याच वर्षी बुडाली.

आता हिस्टरी. सर्टिफिकेटचा दोष हिस्टरीत नसतोच, तर ती साफ करून जाणार कुठे? त्याऐवजी त्या पानावरचा बारीक अक्षरांतला कोड वाचा, रोगाचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर आधी स्वतःच्या कॉम्प्युटरची तारीख बघा. आमच्या राजेंद्रनगरातल्या एका काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर रोज सकाळी सगळ्याच साइट रुसायच्या. कोपऱ्यात तारीख बघितली तर कित्येक वर्षांपूर्वीची. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपलेला. जेल रोडवर ‘सीआर २०३२’ मागितला, बदलला, तारीख नीट लावली, झालं. तोवर काकांनी हिस्टरी किती वेळा पुसली असेल देव जाणे.

‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे सर्टिफिकेट एका नावाचं आणि तुम्ही उघडताय दुसऱ्याच नावाची साइट. पत्ता नीट टाइप केलाय का बघा. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्याला तुमचं यंत्र ओळखत नाही. यात अँटीव्हायरस किंवा ऑफिसचं नेटवर्क तुमच्या आणि साइटच्या मध्ये बसलेलं असू शकतं. फोन फार जुना असू शकतो, अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत लेट्स एन्क्रिप्टचं सध्याचं मूळ सर्टिफिकेटच (ज्याच्या भरवशावर त्यांची बाकीची ओळखली जातात ते) नसतं. किंवा खरंच कुणीतरी मधे उभं असतं. स्टेशनच्या फुकट वायफायवर इशारा आला आणि मोबाइल डेटावर गेला, तर गडबड त्या वायफायची. बहुतेक वेळा त्या वायफायचं लॉगिनचं पान भरायचं बाकी असतं. पण डेटावरही तोच इशारा आला तर थांबायचं, निदान पासवर्ड आणि कार्ड तरी बाहेर काढायचं नाही. बऱ्याच मोठ्या साइटवर तर पुढे जायचं बटणच येत नाही, मुद्दाम दिलेलं नसतं. तिथे हा मेसेज काय सांगणार?

कुलपाचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. कुलूप एवढंच सांगतं की पत्त्यात लिहिलेल्या नावाशी तुमचं बोलणं मधे कुणी ऐकत नाहीये. त्या नावामागचा माणूस सज्जन की भामटा, हे त्याला ठाऊक नसतं. फुकटचं सर्टिफिकेट भामट्यालाही मिळतंच. ‘आज रात्री साडेनऊला लाइट कापली जाईल’ म्हणून येणाऱ्या लिंकवरही कुलूप असू शकतं. लोक असं फसतात म्हणूनच क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये डेस्कटॉपवरचं कुलपाचं चिन्ह काढून टाकलं. पैसे भरताना कुलूप नको, पत्त्यातलं नाव अक्षर अक्षर वाचा.

अ‍ॅडव्हान्स्ड दाबायला माझी हरकत नाही अशी एक जागा आहे: घरच्या राउटरचं सेटिंगचं पान. काही राउटर स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट देतात, म्हणून ब्राउझर कुरकुरतो. घरच्याच वायफायवर असाल आणि पत्ता राउटरवर छापलेलाच असेल, तर जा पुढे.