फुल फ्रेम घेतला म्हणून बॅकग्राउंड ब्लर होत नाही

नव्या फोटोग्राफरना हमखास मिळणारा सल्ला असा: सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) मोठा असला की डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत पुढे-मागे जेवढी खोली स्पष्ट दिसते ती, आपोआप कमी होते, म्हणून ब्लर बॅकग्राउंड हवं असेल तर लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा विका आणि मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम घ्या. वर पुरवणी, की एफ १.८ (लेन्स किती उघडी ठेवली ते सांगणारा एफ नंबर; आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडी) म्हणजे कुठेही एफ १.८च, अगदी मोबाइलवरसुद्धा. एवढ्या भरवशावर मुलं हप्त्याने नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) उचलतात, याचं मला वाईट वाटतं.

आधी ‘आपोआप’चं बघू. प्रतिमा लेन्स बनवते. सेन्सर तिचा लहान किंवा मोठा तुकडा उचलतो. फुल फ्रेम ३६ × २४ मिमीचा, क्रॉप साधारण २३.५ × १५.६ चा. बहुतेक फुल फ्रेम कॅमेऱ्यांत क्रॉप मोड असतो, तो वापरून स्वतःच खात्री करा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, टेबलावर काडेपेट्या एकामागे एक मांडा, ५० मिमी लेन्स एफ १.८ वर ठेवा. एक फोटो साधा घ्या, एक क्रॉप मोडमध्ये. दुसरा म्हणजे पहिल्याचाच मधला भाग निघतो, ब्लर तसूभरही बदललेला नसतो. आता दोन्हींचे एकाच आकाराचे प्रिंट काढा. क्रॉपचा फोटो दीडपट जास्त मोठा करावा लागतो, त्याबरोबर ब्लरही मोठा होतो. २ मीटरवरच्या माणसासाठी नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर फुल फ्रेमवर सुमारे १७ सेंमी खोली स्पष्ट दिसते, क्रॉपवर ११ सेंमी. म्हणजे जागा आणि लेन्स तीच ठेवली तर दावा चक्क उलटा पडतो.

मग क्रॉपवर बॅकग्राउंड जास्त स्पष्ट येतं हा अनुभव खोटा का? नाही. क्रॉपवर माणूस फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून आपण मागे सरकतो. ३ मीटरवर गेलात की तीच खोली २५ सेंमी होते. जागा न सोडता ३३ मिमी लेन्स लावली तर २६. फ्रेम तीच, जागा तीच आणि एफ नंबरही तोच असेल, तर फुल फ्रेमवर बॅकग्राउंड जास्त विरघळतं, हे मान्यच. पण त्याच ३३ मिमीवर एफ १.२ लावा, पुन्हा १७ सेंमी. कारण एफ नंबर हे फक्त गुणोत्तर आहे: लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्यावरचा ५० मिमी वगैरे आकडा) भागिले तिचं भोक. ५० ला १.८ ने भागा किंवा ३३ ला १.२ ने, प्रकाश आत येतो ते भोक दोन्हीकडे २७–२८ मिमीचंच. जागा आणि फ्रेम ठरली की ब्लर या भोकावर ठरतो.

म्हणूनच बॉडी बदलून जुजबी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) लावणं हा तोट्याचा सौदा. फुल फ्रेमवर ७० मिमी, एफ ५.६: भोक १२.५ मिमी. क्रॉपवर साधी ५० मिमी, एफ १.८: भोक जवळपास २८ मिमी, आणि फ्रेम जवळजवळ तीच. ब्लर क्रॉपवर दुपटीहून जास्त मिळतो! फुल फ्रेमची बाजू भक्कम होते ती ८५ मिमी एफ १.२ सारख्या लेन्सपाशी. तिची बरोबरी करायला क्रॉपवर सुमारे ५६ मिमी, एफ ०.८ लागेल, आणि तशी लेन्स मिळणं कठीण.

मोठा सेन्सर म्हणजे ब्लर असं नाही, हे जुन्या फिल्मवरही दिसतं. १९३२ साली अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे अमेरिकन फोटोग्राफरनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात स्थापलेल्या गटाचं नावच ‘एफ ६४’ होतं, म्हणजे अगदी बारीक भोक. ८ × १० इंची फिल्म म्हणजे फुल फ्रेमच्या जवळपास साठपट क्षेत्रफळ, तरी त्यांचा आग्रह पायापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येण्याचा. तेवढ्या मोठ्या फिल्मवर एफ ६४ म्हणजे फुल फ्रेमचं साधारण एफ ८.५.

राहिला मोबाइल. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ ७ मिमीच्या आसपास, म्हणजे एफ १.८ ला भोक जेमतेम ४ मिमी. फुल फ्रेमवर तशीच फ्रेम घेऊन एफ ६.३ ठेवलं तर एवढाच ब्लर येईल. पोर्ट्रेट मोडमध्ये दिसतो तो ब्लर सॉफ्टवेअर मागाहून भरतं. केसांच्या कडा आणि चष्म्याच्या काड्या नीट पाहा, बऱ्याचदा तिथे ते चुकलेलं सापडतं.