साडेचार व्होल्ट आणि पंखा

फझ फेस नावाचं, गिटारचा आवाज फाटका-खरखरीत करणारं पेडल घरी बनवायचं म्हटलं तर सर्किट इतकं छोटं आहे की कुणालाही वाटेल, रविवारी जेवून बसू आणि चहाच्या आत उरकू. २ ट्रान्झिस्टर, ४ रेझिस्टर, ३ कपॅसिटर, २ पॉट (नॉबने फिरवायचे रेझिस्टर), खेळ खल्लास. १९६६ ला लंडनच्या आर्बिटर कंपनीने हे काढलं, माइकच्या स्टँडचं गोल बूड बघून डबा पण गोल केला म्हणतात, मग गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने ते पायाखाली घेतलं आणि तेव्हापासून जगभरच्या रिकामटेकड्यांचे रविवार जे गेले ते गेलेच.

मेख आहे ती जर्मेनियममध्ये. सुरुवातीच्या पेडलांत जर्मेनियमचे (आताच्या सिलिकॉनच्या आधीचे) ट्रान्झिस्टर होते, आणि "तो" आवाज हवा तर तेच पाहिजेत असं सगळे जाणकार सांगतात (जाणकार म्हणजे ज्यांनी आपल्या आधी रविवार घालवलेत ते). पुण्याच्या तापकीर गल्लीत एसी१२८ हा तसला ट्रान्झिस्टर मागितला तर दुकानदाराने आधी माझ्या केसांकडे पाहिलं, पांढरे आहेत का ते. "अहो हे आता कोण वापरतं, बीसी५४७ न्या की, अख्खं पाकीट देतो." शेवटी माळ्यावरून एक धुळकट डबी निघाली, जुन्या रेडिओंच्या जमान्यातली. त्यातले दोन नग एकसारखे निघतील तर शपथ. पहिल्याला गेन (करंट किती पट वाढवतो तो आकडा) ७०-८० हवा, दुसऱ्याला १२० च्या आसपास, आणि डबीत कुणी ४० चा, कुणी २०० चा. बरं, मीटर सांगतो तेही खरं नसतं, कारण हे गळतात. बेसला, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू करणाऱ्या पायाला, काही न देताच ३०० मायक्रोअँपियर गळत असेल आणि मीटर बेसला १० देत असेल, तर मीटर १२० म्हणतो त्यातले ३० नुसते गळतीचे, खरा गेन ९०.

आता बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टरवर किती व्होल्ट ठेवायचे ते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (सिग्नल बाहेर पडतो त्या पायावर) ९ व्होल्टच्या निम्मे, म्हणजे साडेचार दिसले पाहिजेत, म्हणजे सिग्नलला वर-खाली दोन्हीकडे हलायला जागा राहते. तिथला ८.२ किलो-ओहमचा रेझिस्टर काढून प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट) लावायचा आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवत बसायचं. एसी१२८ पीएनपी, म्हणजे उलट्या ध्रुवाच्या जातीचा, असल्यामुळे बॅटरीचा प्लस ग्राउंडला जातो, म्हणून मीटरवर उणे साडेचार येतात. बाबा मागे येऊन उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "उणे येतंय. उलटं जोडलंयस." मी पीएनपी समजावायला घेतलं, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, "बघ एकदा उलटं करून."

जर्मेनियम म्हणजे लग्नघरातला जावई, कधी कशावरून बिनसेल सांगता येत नाही. ४.३, ४.४, ४.५ आला, स्क्रूड्रायव्हर ठेवला, ट्रान्झिस्टर सरळ करायला नुसतं बोट लावलं तर ४.७, ४.९, बोटाच्या उबेनेच गाडी निघाली वर. फुंकर मारली की खाली. टेबल लॅम्प बोर्डावर ओढला की परत वर, पंखा ५ वर केला की परत खाली. म्हणून पंखा बंद करून, सगळं स्थिर होऊ दे म्हणून घाम पुसत बसलो, तर आई आत आली आणि आल्या आल्या पंखा लावला. मी ओरडलो, "अगं बंद कर, बायस हलतो!" तर म्हणे, "मे महिना आहे, आम्ही माणसं आहोत, तुझे स्पेअर पार्ट नाही."

तिचं काही चूक नाही. या ट्रान्झिस्टरची गळती दर १० डिग्रीला साधारण दुप्पट होते. लंडनच्या खोलीत २० डिग्री असतील आणि माझ्या पुण्यातल्या वरच्या मजल्यावर दुपारी ४०, म्हणजे चौपट. ज्याने हे सर्किट काढलं त्याने मे महिन्यात स्लॅबखाली बसून काढलेलं नाही एवढं नक्की. सोल्डरिंग केलं तर आणखीच पंचाईत, ट्रान्झिस्टरच्या पायाला चिमटा लावून उष्णता अडवायची, नाहीतर गडी कायमचा जायचा, आणि नाही गेला तरी गार होईपर्यंत मीटरवर येईल त्या आकड्याला काडीची किंमत नाही.

आणि एवढं करून साडेचार हा आकडा काही वेदवाक्य नाही, हे माझं ठाम मत. बरोब्बर ४.५ ला माझ्या पेडलचा आवाज ठीकठाक, ५.२ ला मात्र असा रसरशीत की गिटारचा व्हॉल्यूम जरा खाली केला की क्लीन, वर केला की फाडून काढतो. ७ च्या पुढे गेलं की सूर तुटक तुटक येऊन मध्येच मरतो, तेव्हा शेजारच्या काकूंनी बेल वाजवून "मिक्सरमध्ये काही अडकलंय का रे?" असं विचारलं होतं.

शेवटी प्रीसेट काढला, त्याजागी चांगला पॉट लावला, डब्याला आणखी एक भोक पाडून नॉब बाहेर आणला आणि मार्करने लिहिलं: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. बँडमधल्या मित्राला ते इतकं आवडलं की मलाही एक करून दे म्हणून मागेच लागला. त्याला सिलिकॉनच्या बीसी१०८ वर करून दिलं, फझ फेसमध्येही पुढे हेच आले होते, आणि ते उन्हात ठेवा नाहीतर फ्रिजमध्ये, फारसं हलत नाही. बारा महिने झकास वाजतं. तो अजून रुसलाय, त्याच्या डब्यावर पावसाळा नाही म्हणून.