‘काही होत नाही’ म्हणून म्हाताऱ्यांना सुई टोचू नका

सरळच लिहितो. फ्लूच्या लशीवर माझा भरवसा आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी मी स्वतः घेतो आणि साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने घ्यावी, असंच माझं मत आहे. माझा राग आहे तो एका वाक्यावर: ‘काही होत नाही हो आजी!’

होतं. थोडं होतं, पण होतं. आणि ते आधी कोणी सांगितलं नाही म्हणून पुढच्या वर्षी ती आजी दवाखान्याची पायरी चढत नाही.

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. टोचतात डॉक्टर, पण दुसऱ्या दिवशीची तक्रार येते माझ्या काउंटरवर. डॉक्टरला विचारायचं तर पुन्हा फी, मेडिकलवाल्याला विचारायला काय जातं? मागे एक मामी आल्या, उजवा हात डाव्या हाताने धरून. दंडावर रुपयाएवढा लाल चट्टा, बोट लावलं तर गरम. ‘भाऊ, सकाळपासून भाकर थापता येईना गेलीय. हात वर केला की कळ निघायली. लस खराब होती का रे?’ लस खराब नव्हती. माझ्याच फ्रीजमधून गेली होती, २ ते ८ डिग्रीत ठेवलेली. (लोडशेडिंग झालं की आमच्या इन्व्हर्टरवर आधी तो फ्रीज चालतो, मग घरातला पंखा. बायकोचं यावर वेगळं मत आहे.) खराब होतं ते एवढंच, की कामाचा हात कोणता हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. डाव्या दंडात दिली असती तरी दुखलंच असतं, पण निदान चूल अडली नसती.

तेव्हापासून लस न्यायला कोणी आलं की मीच पाढा वाचतो. दंड दुखेल. कणकण येईल, अंग मोडून येईल, डोकं जड होईल, किंवा यातलं काहीच होणार नाही. एक-दोन दिवसांत उतरतं. पॅरासिटामॉल चालते, पण त्या नादात बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू नका. हसू नका, करतात लोक. गंमत म्हणजे ताप-अंगदुखी तरुणांना जास्त होते, म्हाताऱ्यांना कमी, कारण वय वाढलं की प्रतिकारशक्तीही मंदावते. मग ‘मला काहीच झालं नाही, डॉक्टरनं पाणी टोचलं’ म्हणणारे आबाही भेटतात.

या पिढीला दुखण्याची भीती नाही, हे लक्षात घ्या. यांच्या दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत. ती लस टोचली की फोड यायचा, पिकायचा, खपली धरायची, आणि फोड आला तरच लस लागली असं समजायचे. नाही आला तर पुन्हा टोचायचे. देवीचा शेवटचा रुग्ण देशात १९७५ साली सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला, तो असल्या पिकलेल्या दंडांच्या जिवावर. फोड येणार हे सगळ्या गावाला माहीत असायचं, म्हणून फोडाला कोणी घाबरलं नाही. आता साध्या कणकणीने माणूस दचकतो, कारण त्याला ‘काही होत नाही’ सांगितलेलं असतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला?

कोविडने यात भर घातली. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांसाठी लस सुरू झाली. नोव्हेंबर येईतो औरंगाबाद जिल्ह्यात (आता संभाजीनगर) आदेश निघाला, की एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस, रेशन मिळणार नाही. आकडे वाढवायला उपाय ठीक असेल, पण पेट्रोलसाठी टोचून घेतलेला माणूस मनातून पटलेला नसतो. पुढे २०२४ मध्ये ब्रिटनच्या कोर्टात अॅस्ट्राझेनेकाने (आपल्याकडची कोविशील्ड म्हणजे त्यांचीच लस) क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे मान्य केलं, आणि आठवडाभर टीव्हीवर तेच. धोका २०२१ पासूनच माहीत होता, अत्यंत दुर्मीळ होता, आणि व्हायचाच तर डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होणारा होता. पण आमच्या काउंटरवर सत्तरीचे बापू विचारत होते, ‘तीन वर्ष झाली घेऊन, आता कधी गुठळी होईल?’ २०२१ मध्येच कोणी दोन मिनिटं बसून समजावलं असतं तर?

फ्लूच्या लशीबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येतं ते ‘लस घेतली न् त्यानंच सर्दी झाली’. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होऊ शकत नाही. पण लस लागू पडायला साधारण दोन आठवडे लागतात. भर साथीत, खोकणाऱ्यांच्या गर्दीत तासभर बसून लस घेतली तर तिथूनच आजार घरी येतो आणि नाव लशीचं होतं. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्च जोर धरतो. म्हणून एप्रिल-मे बरा. आषाढीला निघणाऱ्यांनी तर मे महिन्यातच उरकावी. विषाणू रूप बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही.

आणि ती कवचकुंडलंही नाहीत. लस जुळली त्या वर्षीही फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्के कमी होतो, एवढंच. तरी मी ती घ्या म्हणतो, कारण म्हाताऱ्या माणसाचा फ्लू नुसता फ्लू राहत नाही. न्यूमोनिया होतो, आणि पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका कैक पटींनी वाढतो. दुसऱ्या पारड्यात गुलियन-बारीसारखा मज्जातंतूंचा त्रास आहे, दहा लाखांत एखाद-दुसरा. तो पूर्वी होऊन गेला असेल तर डॉक्टरला आधी सांगा.

आता पुण्या-मुंबईच्या पोरांसाठी. ‘काका, आईला लस देऊन टाका, फोनपे करतो.’ दीड-दोन हजार पाठवले की कर्तव्य संपलं! भर उन्हात, उपाशीपोटी, एसटीने येऊन ती टोचून घेते, अर्धा तास थांबायचं तेही थांबत नाही कारण दोनची गाडी चुकेल. रात्री अंग तापतं तेव्हा घरात एकटी. थर्मामीटर लावला तर शंभरसुद्धा नसेल, पण अंधारात एकट्या माणसाला तो ताप मोठाच वाटतो. तुम्ही सुट्टीवर घरी असाल तेव्हा द्या लस. दोन दिवस थांबा.

बीपी-शुगरवाल्यांना आणि गरोदर बायकांना ही लस सरकारी दवाखान्यात मोफत द्यायचं राज्याचं धोरण २०१५ पासून आहे. साठा असतोच असं नाही, आधी विचारून जा. कुठल्याही लशीनंतर जास्त त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवता येतं. लशीच्या बाटलीवरचा बॅच नंबर फाइलमध्ये लिहून ठेवलात तर कळवताना कामाला येतो.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना काय त्रास झाला, तो कमेंटमध्ये लिहा. मात्र घरातल्याच. शेजाऱ्याच्या मेव्हण्याच्या चुलत्याचं नको.