थेरेसा मेंचा करार पाडला कुणी? ते दहा जण नव्हेत

ब्रेक्झिटचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. ब्रिटनच्या २०१७ च्या निवडणुकीत त्रिशंकू संसद आली, पंतप्रधान थेरेसा मेंनी उत्तर आयर्लंडच्या डीयूपी (डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी) या ब्रिटनशी एकसंध राहू पाहणाऱ्या पक्षाशी युती करून सरकार टिकवलं, त्या दहा खासदारांनी एक अब्ज पौंड उकळले आणि वर युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा मेंचा करारही पाडला. बहुमत असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, हा त्यावरचा निष्कर्ष.

आधी ‘युती’. ती झालीच नाही. मेंच्या हुजूर पक्षाच्या ३१७ जागा आल्या, बहुमत हुकलं, पण डीयूपीला एकही मंत्रिपद मिळालं नाही. २६ जून २०१७ ला जो समझोता झाला तो आपल्याकडच्या भाषेत बाहेरून पाठिंबा, फक्त कागदावर सही करून दिलेला. विश्वासदर्शक ठराव, अर्थसंकल्प, राणीचं अभिभाषण आणि ब्रेक्झिटचे कायदे यांवर साथ द्यायची, बाकी आपण मोकळे.

एक अब्ज पौंड मात्र खरे. पक्षाच्या तिजोरीत नव्हे, उत्तर आयर्लंडच्या रस्ते, रुग्णालयं, ब्रॉडबँड वगैरेंसाठी. सौदेबाजी म्हणा हवं तर, मी वाद घालणार नाही. त्यांचं उपद्रवमूल्यही खोटं नव्हतं: ४ डिसेंबर २०१७ ला मे ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्याबरोबर जेवायला बसल्या असताना डीयूपीच्या नेत्या आर्लिन फॉस्टर यांनी विरोध केला आणि वाटाघाटींत सहमती झाल्याची त्या दिवशीची घोषणा बारगळली. पण चारच दिवसांत मजकुरात फेरफार करून गाडी पुढे गेली.

आता ‘करार पाडला’ हा मुख्य आरोप. इथे बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे. १५ जानेवारी २०१९ ला करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी पडला. विरोधात मेंच्याच पक्षाचे ११८ खासदार होते. दुसऱ्यांदा, १२ मार्चला, २४२ विरुद्ध ३९१. तिसऱ्यांदा, २९ मार्चला, २८६ विरुद्ध ३४४. या तिसऱ्या वेळी डीयूपीचे दहाही जण बाजू बदलून आले असते तर? २९६ विरुद्ध ३३४. तरी पराभवच. त्या दिवशी विरोधात गेलेले ३४ हुजूर खासदार आले असते तर मात्र ३२० विरुद्ध ३१०, म्हणजे करार मंजूर. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते यातून दिसतं.

गंमत अशी की डीयूपीची दहा मतं खरोखर निर्णायक ठरली ती मेंना वाचवताना. पहिल्या पराभवानंतर दुसऱ्याच दिवशी विरोधी मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांचा अविश्वास ठराव आला आणि सरकार ३२५ विरुद्ध ३०६ असं तरलं. हेच दहा उलटे गेले असते तर ३१५ विरुद्ध ३१६, एका मताने सरकार गडगडलं असतं. कराराला विरोध करायचा आणि सरकार राखायचं, हा दुटप्पीपणा त्यांनी केला हे खरंच. पण आदल्या रात्री बंडखोरी करणारे हुजूर खासदारही त्या दिवशी मुकाट सरकारच्या बाजूने गेले होते.

बरं, तडजोड तरी कुणाला हवी होती? १ एप्रिलला पर्यायी प्रस्तावांवर मतदान झालं. युरोपीय संघाशी सीमाशुल्क संघ ठेवण्याचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६, फक्त तीन मतांनी पडला. नॉर्वेच्या धर्तीवरचा, म्हणजे संघाबाहेर राहूनही त्याच्या सामायिक बाजारपेठेत राहण्याचा, प्रस्ताव मांडणारे हुजूर खासदार निक बोल्स यांचाही ठराव पडला, तेव्हा ते सभागृहात उभे राहिले, आपला पक्ष तडजोडीला तयार नाही म्हणून आपण अपयशी ठरलो असं म्हणाले आणि तिथल्या तिथे पक्ष सोडून चालते झाले. त्यांचा रोख डीयूपीवर नव्हता.

राहिला ‘बहुमत असतं तर’. २२ ऑक्टोबर २०१९ ला तीच त्रिशंकू संसद होती आणि डीयूपी विरोधातच होती. तरीही मेंच्या जागी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांच्या कराराचं विधेयक दुसऱ्या वाचनात ३२९ विरुद्ध २९९ ने मंजूर झालं. कारण मेंच्या करारावर तुटून पडलेला कट्टर ब्रेक्झिटवाद्यांचा गट या वेळी एकजात बाजूने होता आणि मजूर पक्षाचे १९ खासदारही आले. विधेयक झटपट उरकण्याच्या वेळापत्रकाचा ठराव त्याच रात्री पडला, म्हणून निवडणूक घ्यावी लागली, हे वेगळं.

डिसेंबरातल्या निवडणुकीत ८० चं बहुमत आल्यावर करार सहज पार पडला, हे मान्य. पण त्याआधी सप्टेंबरात जॉन्सननी आपल्याच २१ बंडखोर खासदारांना संसदीय पक्षातून काढलं होतं (दहा जणांना पुढे परत घेतलं), आणि निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराकडून कराराला पाठिंब्याची हमी घेतली होती. त्या करारात ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्या दरम्यान मालाची तपासणी आली, म्हणजे डीयूपीला जे अजिबात नको होतं नेमकं तेच.